रपट्याचा चढ

"मले नोका सांगू. गाडी सांगन."

ड्रायव्हर केबिनमधून उतरून गाडीचं दुखणं सांगायला तोंड उघडायचा आणि मिस्त्री काळ्या तेलकट हाताचा पंजा त्याच्यासमोर धरायचे. मग हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, काढायचे, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. एरवी रस्त्याने शिव्या देत येणारी माणसं तेवढा वेळ गप्प उभी राहायची. दवाखान्यात बाळाला दाखवायला आणलेली आई जशी डॉक्टरच्या तोंडाकडे बघते, तशी ती मिस्त्रींकडे बघायची.

तुम्ही कधी आलापल्लीच्या चौकातून भामरागडच्या रस्त्याला लागला असाल, तर डाव्या हाताला एक पत्र्याची शेड तुम्हाला दिसली असेल. तिच्यासमोर रस्त्याच्या पलीकडे माझं स्पेअर पार्टचं दुकान. दुकान बाबांचं. बाबा गेल्यावर मी गल्ल्यावर बसले, तेव्हा ड्रायव्हर लोक आत डोकावून विचारायचे, "शेठ कुठी आहे?" मी म्हणायची, "शेठ समोर बसला आहे, साडी नेसून." बेरिंगचे नंबर तोंडपाठ होईपर्यंत बरीच वर्षं मी केवळ आवाजावर दुकान चालवलं. मिस्त्रींनी मात्र पहिल्या दिवसापासून मला ताई म्हटलं आणि चुकीचा माल दिला की शांतपणे परत आणून ठेवला.

ते माजरीकडचे. कोळशाच्या खाणीवरच्या गाड्यांवर काम शिकले आणि इकडे जंगलात आले. बायको लवकर गेली. एक मुलगी, ती तिकडे भद्रावतीला दिलेली. शेडच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याच्या शेजारच्या खिळ्याला जुने फॅनबेल्ट. एखादा ड्रायव्हर दुरुस्तीनंतर बंपरला लिंबू-मिरची बांधू लागला की मिस्त्री विचारायचे, "हा लिंबू इंजिनात जाते का? नाई ना? मंग सरबत कर बाप्पा, उन्हाचे दिवस आहेत." त्यांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट एका भुताची आहे.

काम संपलं की ते मडगार्डवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "जा, बिनधास्त जा." या बिनधास्तवर ड्रायव्हर लोकांचा एवढा भरवसा, की दुसऱ्या कुठल्या पावतीची कोणी वाट बघत नसे. लालसूचाही तसाच होता.

लालसू हेमलकशाच्या पुढच्या एका माडिया गावचा. त्याच्या गावातला पहिला ट्रक ड्रायव्हर. गाडी एका शेठची, जुनी सहाचाकी, बांबू वाहणारी. पण लालसू तिला बैल धुवावा तशी नाल्यात उभी करून धुवायचा. बोलणं कमी. हसला तर इतकं थोडं, की हसला की नाही याची आपण आपसात चौकशी करावी. मिस्त्रींचा शब्द त्याला प्रमाण होता. ते म्हणाले, इंजिन सुरू करून जराकसं थांबत जा, तर हा बाबा भर उन्हाळ्यातसुद्धा इंजिन सुरू करून हात जोडल्यासारखा बाजूला उभा राहायचा. मी दुकानातून ओरडायची, "अरे, आरती झाली असन तं निघ आता!" तो मान खाली घालून केबिनमध्ये चढायचा.

त्या भागात पंप लांब लांब. अडीअडचणीला गावातल्या दुकानात ड्रममधलं डिझेल घ्यावं लागतं आणि त्या ड्रममध्ये डिझेलइतकाच गंज आणि पाणी. डिझेल टाकीत ओतताना कचरा अडावा म्हणून टाकीच्या तोंडात एक जाळी असते. लालसूच्या गाडीची जाळी फाटली होती. तिचे तुकडे आत पडू नयेत म्हणून मिस्त्रींनी ती काढून टाकली. नवी मी नागपूरहून मागवली, ती आलीच नाही. माझ्याकडे बघू नका, त्या मॉडेलचा मालच बाजारातून उठला होता. तेव्हा मिस्त्रींनी लालसूला बजावलं, "जाळी येतपर्यंत कापडातून गाळल्याशिवाय थेंब टाकू नोको." आमच्याकडे सगळेच असं करतात. टाकीच्या तोंडावर कापड पसरायचं, डबकीने, म्हणजे कॅनने, डिझेल ओतायचं, कापड पिळून सीटखाली ठेवायचं. लालसूने कधी न गाळता डिझेल ओतलं असेल, असं मला वाटत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी गाडीला ते दुखणं लागलं.

पेरमिलीच्या पुढे सागाच्या दाटीत एक रपटा आहे. नाल्याचं पाणी वरून जाऊ द्यायचा बुटका सिमेंटचा रस्ता. तो ओलांडला की लांबलचक चढ लागतो. भरलेली गाडी त्या चढाच्या मध्यावर आली की दम तोडायची. आधी ओढ कमी व्हायची, मग एक्सलेटर पायाखाली पोकळ लागायचा, मग इंजिन बंद. लालसू मागच्या चाकांना दगड लावायचा, फिल्टर उघडून पाइपातली हवा काढायचा, थोडा वेळ थांबायचा, आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. कधी त्याच चढावरून सुरळीत निघून जायची. शेडमध्ये आणली तर धावपटूसारखी ठणठणीत. मिस्त्रींनी पेचकस कानाला लावला, गाडी काही सांगेना. त्यांनी फिल्टर बदलले, डिझेल ओढणारा पंप खोलला, रबरी पाइप नवे टाकले, टाकीचं बूच सोडून सगळं डिझेल घमेल्यात काढून पाहिलं. स्वच्छ निघालं. मग रिकामी गाडी चालवून आणली, उत्तम चालली. त्यांनी मडगार्डवर थाप मारली.

"जा, बिनधास्त जा."

मी समोर गल्ल्यावर होते. लालसूने त्या दिवशी माझ्याकडे बघून मान हलवली, ती मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी तो बांबू भरून निघाला आणि भर दुपारी गाडी चढावर बंद पडली. जुन्या गाडीचं इंजिन बंद झालं की ब्रेक फार वेळ धरून ठेवत नाहीत. बांबूच्या वजनाने ती मागे घसरत रपट्यापर्यंत आली आणि कडेवरून नाल्यात कलंडली. लालसू केबिनखाली सापडला.

त्याला बाहेर काढायच्या आत गावाने निकाल देऊन टाकला होता. "मोहाची मारली असन." "झोप लागली असन." लालसूला कधी न पाहिलेली माणसंही चौकातल्या चहाच्या गाड्यावर हे सांगत होती. माडिया माणूस मेला की आमच्याकडच्या शहाण्यांना दुसरं कारण सुचतच नाही. मी दोघांशी कडाकडा भांडले आणि एकाला दुकानातून हाकललं. लालसू गाडी असताना थेंबालाही शिवत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. पण मेलेला माणूस भांडायला येत नाही, म्हणून बोलणाऱ्यांचं फावतं.

मिस्त्री भांडले नाहीत. ते त्या दिवशी शेडमध्ये एका टायरवर बसून राहिले. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "ताई, मी त्याले बिनधास्त म्हटलं होतं." चहा तसाच गार झाला. तेव्हापासून त्यांनी मडगार्डवर थाप मारणं सोडलं. गाडी कितीही चांगली झाली तरी ते एवढंच म्हणायचे, "आत्ता चालून राह्यली." नव्या ड्रायव्हरांना ते विनोदी वाटायचं. मला त्यांच्यासमोर उभं राहवत नसे.

शेठने गाडी चंद्रपूरला नेऊन ठोकून-पिटून पुन्हा रस्त्यावर आणली. नवा ड्रायव्हर आला. आणि गाडी पुन्हा त्याच चढावर, त्याच जागी दम तोडू लागली.

मग काय विचारता! लालसू गाडी मागून धरतो, असं सगळ्या रस्त्यावर झालं. कोणाला आरशात तो दिसला, कोणाला चाकाशी दगड लावताना दिसला. एक ड्रायव्हर गाडी चढावर उभी करून पायी पेरमिलीला आला तो परत गेलाच नाही, किल्लीसुद्धा गाडीतच. लोक रपट्याजवळ नारळ फोडू लागले, पेटती विडी ठेवू लागले. लालसूने आयुष्यात विडी ओढली नाही आणि मेल्यावर त्याच्या नावाने विड्यांचा ढीग. मी हसले होते हे ऐकून. पण एकदा मी स्वतः त्या रस्त्याने बसने चालले होते आणि त्या चढावर बसचा आवाज जड झाला, तेव्हा माझी पाठ आपोआप ताठ झाली, आणि मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

मग बाजाराच्या दिवशी मैनी आली. लालसूची बायको. बारकी, काळीसावळी, डोक्यावर चारोळीची टोपली. ती शेडसमोर उभी राहिली आणि मिस्त्रींना म्हणाली, "लोकं म्हणतेत, तो गाडीले धरते. खरं आहे का?"

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "नाई बाई. असं काही नसते."

"तो मले घरी भेटत नाई. सपनात बी येत नाई," मैनी म्हणाली. "मंग तुमच्या गाडीले कसा भेटते?"

मी रस्ता ओलांडून गेले, तिला पाणी दिलं. हळूहळू तिने सांगितलं. त्यांच्या गावाबाहेर गेलेल्या माणसांच्या नावाचे उभे दगड आहेत. माणूस गेला की सगळं गाव मिळून त्याचा दगड तिथे रोवतं आणि मग तो आपल्या म्हाताऱ्यांमध्ये जाऊन बसला, असं समजतं. लालसूचा दगड उभा राहिला नव्हता. गावचा पेरमा, म्हणजे पुजारी, म्हणत होता की हा माणूस अजून रस्त्यावर अडकला आहे, गाड्या अडवतो आहे, त्याला म्हाताऱ्यांत बसवायचं कसं? आधी पिऊन मेला म्हणाले, आता भूत झाला म्हणतात. मैनी रडली नाही. तिला फक्त हे हवं होतं की तिचा माणूस कुठेतरी एका जागी असावा.

"मी पाह्यतो," मिस्त्री म्हणाले.

ते मी पाह्यतो म्हणजे काय, हे मला पुढे कळलं. त्यांनी ती गाडी डोक्यात घेतली. जेवताना बोटाने ताटात पाइपाची आकृती काढायचे. माझ्या दुकानात येऊन माल न घेताच उभे राहायचे आणि म्हणायचे, "ताई, रिकामी चालते, भरलेली बंद पडते. सपाटीवर चालते, चढावर बंद पडते. थांबलं का बरी होते. असं कोणतं दुखणं आहे जे थांबलं का बरं होते?" मी म्हणायची, "माझे गुडघे." ते हसायचे नाहीत. मी एकदा चिडून म्हटलं, "मिस्त्रीभाऊ, तुमचा तं भुतावर विश्वास नाई ना? मंग सोडा." ते म्हणाले, "भूत असतं तं बरं झालं असतं. त्याच्यापाशी माफी मागता आली असती." त्यांचं वजन उतरत चाललं होतं. मला त्यांची खरोखर भीती वाटू लागली. रस्त्यावर कोणी लालसूला पाहिलं की नाही कोण जाणे, पण त्या शेडमध्ये तो रोज होता.

आता गाडीवर कोणी बसायला तयार नव्हतं, म्हणून शेठने ती मिस्त्रींच्याच दारात आणून टाकली. मिस्त्रींनी तिच्यात रेतीची पोती भरली. केबिनच्या मागे डिझेलची एक मोठी डबकी बांधली, तिच्यातून पारदर्शक नळी सरळ इंजिनाला जोडली आणि खालची टाकी बंद करून टाकली. आणि एका सकाळी स्वतः चालवत रपट्याच्या चढावर गेले. गाडी न अडखळता वर गेली. वरून वळवून खाली आणली, पुन्हा चढवली. पुन्हा गेली. मग नळी काढून पहिल्यासारखी टाकीला जोडली आणि पुन्हा चढले. मध्यावर दम तुटला.

ते परत आले तेव्हा मी दुकान उघडत होते. रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्यांनी मला सांगितलं, "ताई, इंजिनात काई नाई. टाकीत आहे. टाकीत कोणीतरी बसलं आहे." ते वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्यांनाही ते काय बोलले हे नंतर समजलं असावं, कारण ते घाईघाईने पाने आणायला शेडमध्ये गेले.

टाकी उतरवली, धुतली, पेट घेऊ नये म्हणून त्यात पाणी भरलं आणि छिन्नी-हातोड्याने कापली. आत डिझेल हिंदकळू नये म्हणून टाकीत उभे पत्रे असतात. एका पत्र्यामागे काहीतरी काळं, बुळबुळीत चिकटलं होतं. मिस्त्रींनी दोन बोटांनी ओढून काढलं. कापड होतं.

मग सगळं सरळ झालं. गाळताना कापड फाटलं असेल, एक तुकडा डिझेलच्या भाराने आत गेला आणि उरलेलं पिळताना लालसूला ते कळलंही नाही. एरवी ते पत्र्यामागे पडून असायचं. भरलेली गाडी चढाला लागली की इंजिन जोराने डिझेल ओढायचं, कापड ओढलं जाऊन टाकीतल्या नळीच्या तोंडावर येऊन बसायचं आणि डिझेल बंद. इंजिन थांबलं की ओढ संपली, कापड सुटून पुन्हा आपल्या जागी. बूच उघडून डिझेल काढलं तर ते पत्र्याला चिकटून राहायचं. हवा काढल्यामुळे गाडी सुरू होते, असं इतके दिवस सगळ्यांना वाटत होतं. गाडी नुसत्या थांबण्याने सुरू होत होती.

मिस्त्री ते कापड हातात घेऊन खाली बसले. "मीच म्हटलं होतं, गाळून टाक म्हणून," ते म्हणाले. "दुसरा कोणी ड्रायव्हर असता तं ऐकलं नसतं माझं. हा ऐकणारा निघाला." आणि मग ते रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मीही रडले.

नंतर त्यांनी ते कापड घमेल्यात चांगल्या डिझेलने धुतलं, पुन्हा साबणाने धुतलं. काळं जाऊन खालचा हिरवा रंग निघाला. एका बाजूला बारीक लाल काठ. आम्ही दोघांनी एकदमच तो पाहिला. गॅरेजमधली पुसायची चिंध्यांची पोती माझ्याच दुकानातून जायची. त्यात बनियनचे तुकडे असतात, लुगडं कधीच नसतं. असा काठ बाजाराला येणाऱ्या माडिया बायकांच्या अंगावर मी नेहमी बघते. गाळायचं कापड लालसूने घरून आणलं होतं, आणि घरी ते त्याला कोणी दिलं असेल हे विचारायची गरज नव्हती.

मिस्त्री उठले. माझ्या दुकानात आले, गल्ल्याजवळची कात्री घेतली आणि तो लाल काठ पूर्ण कापून काढला. काठ त्यांनी शेडमागच्या चुलीत टाकला.

"ताई," ते म्हणाले, "तुमाले माडिया येते. माझ्यासंगं चला. आणि मी सांगीन तेच सांगजा."

लालसूच्या गावात आम्ही दुपारी पोचलो. पेरमा आणि गावातले म्हातारे झाडाखाली बसले होते, मैनी बायकांमध्ये मागे. मिस्त्रींनी खिशातून कापड काढलं आणि उभं राहून बोलले. वाक्य झालं की थांबायचे आणि मी ते माडियात सांगायची. लालसू प्यायला नव्हता, झोपला नव्हता. तो कोणाची गाडी धरत नाही, मी स्वतः ती गाडी चढवून पाहिली. टाकीत हे कापड होतं आणि हे कापड माझ्या गॅरेजचं आहे. टाकी साफ करताना माझ्या हातून आत राहिलं. लालसूची काही चूक नाही, त्याच्या घरच्यांचीही नाही. माणूस माझ्या चुकीने गेला.

शेवटचं वाक्यही मी तसंच सांगितलं. खोटं आहे हे माहीत असून सांगितलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

एका म्हाताऱ्याने कापड हातात घेऊन पाहिलं, दुसऱ्याकडे दिलं. फिरत फिरत ते मैनीपाशी गेलं. तिने ते उलटं-सुलटं करून पाहिलं, अंगठ्याने एका जागी चोळलं, आणि काही न बोलता परत पाठवलं. तिला ओळखू आलं नाही, असं मला वाटलं. मिस्त्रींनाही तसंच वाटलं असणार, कारण परतीच्या वाटेवर ते गाडीत लगेच झोपी गेले.

उन्हाळ्याच्या आधी लालसूचा दगड उभा राहिला. गावाने मिस्त्रींना बोलावलं होतं. ते गेले, दगड ओढणाऱ्यांच्या दोरीला त्यांनीही हात लावला. रपट्याजवळचे नारळ हळूहळू बंद झाले. गाडीला नवी टाकी बसली, ती पुढे बरीच वर्षं चढली.

पण ती गोष्ट रस्त्याने आमच्या चौकात यायची ती आलीच. "मिस्त्रीनं टाकीत चिंधी विसरली, माणूस मेला." ड्रायव्हर लोकांना एवढं पुरे होतं. ज्यांच्या गाड्या या माणसाने जिवंत ठेवल्या, तेच त्याच्या शेडवरून हॉर्न न वाजवता पुढे जाऊ लागले. चौकापलीकडे नवं गॅरेज उघडलं होतं, तिथे रांग. मी तळमळायची. किती वेळा म्हटलं, "मी सांगते लोकायले खरं काय ते." ते म्हणायचे, "तुमी दुकान चालवा, ताई. आणि त्या बाईच्या कानावर गेलं तं?" मग आपणच चिंधी विसरलो, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की कधी कधी मला शंका यायची, यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं की काय. एका हिवाळ्यात त्यांना खोकला धरला. मुलगी येऊन भद्रावतीला घेऊन गेली. तिथेच ते गेले. मी त्यांना शेवटचं पाहू शकले नाही. शेडला कुलूप, आणि पत्र्यावर वेल चढले.

गेल्या वर्षी मैनी बाजाराला आली. आता तिचे केस पांढरे झालेत. शेडसमोर थांबली, मग माझ्याकडे आली. "मिस्त्री कुठी गेले?"

मी सांगितलं. ती माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "ते कापड माझ्या लुगड्याचं होतं."

मी हातातलं पावतीबुक मिटलं. "तुले कसं समजलं? काठ तं..."

"काठ कापला होता. पण मधी फाटलं होतं, ते मी शिवलं होतं. माझा टाका मले समजन नाई का, बाई?"

"मंग तवाच बोलली काऊन नाई?"

"त्यायच्या तोंडाकडं पाह्यलं," मैनी म्हणाली. "एवढा म्हातारा माणूस माझ्यासाठी उन्हात उभा राहून खोटं बोलून राह्यला. मी म्हटलं, बोलू द्या. त्यायले वाटू द्या, मले काई समजलं नाई." मग तिने शेडकडे पाहिलं. "बंद काऊन पडलं होतं हे? मरायच्या आधीच बंद होतं म्हणते तो पानवाला."

मला ते सांगायचं नव्हतं. पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी सांगितलं. लोक काय बोलले, ड्रायव्हर कसे फिरकेनासे झाले, सगळं सांगितलं. तिच्या गावात यातलं काहीच पोचलं नव्हतं.

"मले कोणी सांगतलं नाई," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "मले कोणी सांगतलं नाई, बाई."

मग ती उठली. टोपली माझ्या पायरीवर ठेवून रस्त्याच्या कडेला गेली आणि येणाऱ्या ट्रकला हात दाखवून थांबवलं. लोहखनिजाची मोठी नवी गाडी, परमुलखातला कोवळा ड्रायव्हर. त्याने काच खाली केली. मैनी मान वर करून त्याला म्हणाली, "चिंधी माझी होती. मिस्त्रीची नोहोती." तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी काय सांगणार? मागून हॉर्न वाजायला लागले आणि तो निघून गेला.

ती अजूनही बाजाराच्या दिवशी येते. चारोळी विकून झाली की त्या कुलूप लावलेल्या शेडसमोर उभी राहते आणि एखादी गाडी थांबवून तेच सांगते. जुन्या ड्रायव्हरांपैकी आता या रस्त्यावर कोणी उरलेलं नाही. नवी पोरं तिचं ऐकून घेतात, तिला कुठे जायचं आहे असं समजून विचारतात, "बैठना है क्या, अम्मा?" ती मान हलवते, बाजूला होते आणि पुढच्या गाडीची वाट बघते.